रेकॉर्ड केलेल्या ट्रॅफिकमधून नकली सेवा कशी उभी करायची: एका कुरियर एपीआयचं उदाहरण

पेमेंट, एसएमएस, केवायसी, कुरियर. आपलं अ‍ॅप्लिकेशन कुणा ना कुणा बाहेरच्या सेवेवर टेकलेलं असतं. त्या सेवेचा टेस्ट सर्व्हर कधी बंद असतो, कधी त्यातला डेटा न सांगता पुसला जातो, कधी मिनिटाला मोजक्याच रिक्वेस्ट चालतात. मग आपल्या टेस्ट लाल होतात आणि दोष कुणाचा हे शोधण्यात सकाळ जाते. यावरचा रुळलेला उपाय म्हणजे खऱ्या सेवेशी झालेली देवाणघेवाण रेकॉर्ड करायची आणि त्यातून तिच्यासारखी उत्तरं देणारी नकली सेवा बनवायची. रूबीच्या जगात २०१० पासून व्हीसीआर ही लायब्ररी हेच करते आहे. जावावाल्यांकडे वायरमॉक आहे. माउंटबँक, हॉवरफ्लाय आणि मिटमप्रॉक्सी कोणत्याही भाषेतल्या प्रोग्रॅमपुढे चालतात.

अवजार कोणतंही घ्या, रेकॉर्डिंग लवकर उरकतं. वेळ लागतो तो पुढे. उत्तरातलं कोणतं फील्ड कायम तेच राहतं, कोणतं आपल्याच रिक्वेस्टमधून परत आलं, कोणतं सर्व्हरने तिथल्या तिथे बनवलं आणि कोणतं घड्याळावर किंवा आधीच्या घटनांवर अवलंबून आहे, हे एकेक करून ठरवावं लागतं. हे न करता नुसती फाइल परत वाजवली तर आठवडाभर सगळं हिरवं दिसतं आणि नंतर एकेक टेस्ट पडू लागते.

उदाहरण असं घेऊ: कोल्हापूरहून चपला आणि गूळ पाठवणारं ऑनलाइन दुकान. कुरियर कंपनीच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रॅमने कॉल करायच्या दाराला) ते लॉगिन करून टोकन (तात्पुरता परवाना) घेतं, पिनकोडला सेवा आहे का विचारतं, बुकिंग करून डॉकेट नंबर (पार्सलचा क्रमांक) मिळवतं आणि त्या नंबरावर पार्सल कुठवर पोचलं ते विचारत राहतं. कॉल चारच आहेत, पण जवळपास सगळ्या अडचणी यात येतात.

रेकॉर्डर कुठे बसवायचा

पहिला प्रश्न: कुरियर सेवेचा मूळ पत्ता तुमच्या प्रोग्रॅममध्ये कॉन्फिगरेशनमधून बदलता येतो का? येत असेल तर निम्मी लढाई जिंकलात. वायरमॉकची स्वतंत्र जार फाइल चालू करा (ती न सांगता ८०८० पोर्ट घेते), अ‍ॅडमिन विभागातलं रेकॉर्डरचं पान उघडा, तिथे खऱ्या सेवेचा एचटीटीपीएस पत्ता द्या आणि रेकॉर्ड दाबा. आता आपल्या प्रोग्रॅमला कुरियरचा पत्ता म्हणून लोकलहोस्टचं ८०८० पोर्ट द्या. तुमच्यापासून वायरमॉकपर्यंत साधं एचटीटीपी, तिथून पुढे एन्क्रिप्टेड. सर्टिफिकेटची भानगडच उरत नाही. थांबवा दाबलं की मॅपिंग्जच्या फोल्डरमध्ये प्रत्येक कॉलची जेसॉन (फील्ड आणि त्याची किंमत अशा मजकुराची) फाइल तयार मिळते.

पत्ता कोडमध्ये किंवा एखाद्या तयार एसडीकेच्या (सेवेसोबत मिळणाऱ्या लायब्ररीच्या) पोटात पक्का लिहिलेला असेल, तर मधे प्रॉक्सी (सगळी ये-जा ज्यातून होते असा मध्यस्थ) घालावा लागतो. मिटमप्रॉक्सी स्वतःचं रूट सर्टिफिकेट बनवतो आणि ते तुमच्या प्रोग्रॅमने मान्य करावं लागतं. इथे बरेच जण अडकतात, कारण ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सर्टिफिकेट टाकलं म्हणजे झालं असं वाटतं. जावाचा ट्रस्टस्टोअर (मान्य सर्टिफिकेटांचा साठा) वेगळा असतो. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सर्टिफाय नावाच्या पॅकेजमधली यादी बघते. नोडला जादा सर्टिफिकेटचा मार्ग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगावा लागतो. अँड्रॉइड ७ पासून वापरकर्त्याने टाकलेलं सर्टिफिकेट अ‍ॅप आपणहून मानत नाही. अ‍ॅपच्या नेटवर्क सुरक्षा कॉन्फिगरेशनमध्ये तशी परवानगी द्यावी लागते, तीही फक्त डीबग बिल्डमध्ये द्या.

वायरशार्कने थेट पॅकेट पकडायचा मोह होतो. एन्क्रिप्शन नसलेल्या जुन्या प्रोटोकॉलसाठी ते उत्तमच. पण टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) १.३ मध्ये सर्व्हरची खासगी की हातात असली तरी जुनं ट्रॅफिक उलगडत नाही. दर कनेक्शनच्या तात्पुरत्या किल्ल्या क्लायंटकडून लॉग करून घ्याव्या लागतात. एचटीटीपी सेवेसाठी एवढा खटाटोप करू नका, प्रॉक्सी बरा.

एक दिशा हमखास निसटते. पार्सलची स्थिती बदलली की कुरियर कंपनी आपल्याला वेबहुक, म्हणजे स्वतःहून केलेला कॉल, पाठवते. तो कॉल बाहेरून आत येतो, त्यामुळे आपल्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर बसवलेल्या रेकॉर्डरला तो दिसत नाही. आपल्या वेबहुकच्या पत्त्यापुढे वेगळा रेकॉर्डर लावा.

रेकॉर्ड करताना काय घडवून आणायचं

प्रोग्रॅम नेहमीसारखा वापरून जे मिळेल ते घेतलं तर फक्त यशस्वी उत्तरं हाती लागतात. म्हणून आधी कागदावर यादी करा आणि ठरवून एकेक प्रसंग घडवा. कोथरूडचा ४११०३८, पणजीचा ४०३००१, सेवा नसलेला एक पिनकोड, आणि पाचच अंकांचा चुकीचा पिनकोड. बुकिंग बरोबर, वजन शून्य, आणि तोच ऑर्डर नंबर पुन्हा पाठवून. टोकनची मुदत संपल्यावरचा कॉल. अस्तित्वात नसलेल्या डॉकेटचं ट्रॅकिंग. चुकांची उत्तरं खऱ्या सेवेकडूनच घ्या. कागदोपत्री ४०० (चुकीची रिक्वेस्ट) लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात २०० (यशस्वी) च्या आत ‘यश: नाही’ असा मजकूर येतो, हे रेकॉर्ड केल्याशिवाय कळत नाही.

प्रत्येक प्रसंग दोनदा रेकॉर्ड करा, मधे थोडा वेळ जाऊ द्या. हा दुसरा संच फार मोलाचा आहे, त्याचा उपयोग पुढे दोनदा होणार आहे. आणि हे सगळं टेस्ट खात्यावर करा. तेही सेवेच्या अटींमध्ये बसतं का ते आधी बघून.

कच्ची फाइल साफ करणं

मोठा भाग यांत्रिक आहे. कंटेंट-लेंग्थ आणि ट्रान्सफर-एन्कोडिंग हे हेडर काढून टाका, कारण बॉडीत बदल केल्यावर ते खोटे ठरतात आणि क्लायंट अर्धवट उत्तर वाचतो किंवा लटकून बसतो. बॉडी जीझिपने दाबलेली असेल तर उलगडून ठेवा आणि कंटेंट-एन्कोडिंगचा हेडरही काढा. दोन्हींपैकी एकच केलं तर क्लायंट साधा मजकूर उलगडायला जातो आणि विचित्र एरर देतो. ३०४ (‘बदल नाही’) आलेली उत्तरं शोधा. त्यांना बॉडीच नसते, कारण क्लायंटच्या कॅशमध्ये ती आधीच होती. अशा ठिकाणी कॅश रिकामी करून पुन्हा रेकॉर्ड करावं लागतं.

खासगी माहिती, गिटमध्ये जाण्यापूर्वी

टेस्ट खातं असलं तरी कुणीतरी स्वतःचा मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता टाकलेला असतोच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे. तो नसता तरी टोकन आणि पत्ते रिपॉझिटरीत जाऊ देण्याचं कारण नव्हतं.

नुसते फुलीचे एक्स टाकून झाकू नका. दोन अटी पाळा. पहिली, तीच मूळ किंमत सगळीकडे त्याच नकली किमतीत बदलली पाहिजे. बुकिंगच्या उत्तरातला डॉकेट नंबर पुढे ट्रॅकिंगच्या यूआरएलमध्ये येतो; एकीकडे बदलला आणि दुसरीकडे नाही, तर साखळी तुटली. गुप्त की वापरून एचमॅक (त्याच मजकुराला दर वेळी तोच येणारा ठसा) काढा आणि त्यावरून नकली किंमत बनवा, म्हणजे नोंदवही ठेवावी लागत नाही. दुसरी अट, आकार टिकला पाहिजे. मोबाइल दहा अंकी आणि ६ ते ९ ने सुरू होणारा, कार्ड नंबर लून तपासणीत बसणारा, आधारसारखा क्रमांक व्हेरहूफच्या तपासणी अंकासकट. नाहीतर आपलाच व्हॅलिडेशनचा कोड नकली उत्तर नाकारतो.

बेस६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) गुंडाळलेला मजकूरही उलगडून बघा. टिंबांनी जोडलेल्या तीन तुकड्यांचं टोकन दिसलं तर ते बहुधा जेडब्ल्यूटी (आत माहिती असलेलं, सही केलेलं टोकन) असतं आणि त्याच्या मधल्या तुकड्यात ईमेल उघडा पडलेला असू शकतो. वेबहुकवर सही असेल तर मजकूर बदलताच ती मोडते. टेस्टसाठी वेगळी की ठेवा आणि पाठवतानाच नव्याने सही करा.

प्रत्येक फील्डची जात ठरवणं

आता मुख्य काम. वाचायला सोपं जावं म्हणून फील्डची नावं मराठीत लिहितो. बुकिंगची रिक्वेस्ट अशी:

ऑर्डर: केओपी-७८१२
पिनकोड: ४११०३८
वजन_ग्रॅम: ७५०

आणि उत्तर असं:

ऑर्डर: केओपी-७८१२
डॉकेट: ईएम४७३१२४८२९आयएन
शाखा: पुणे
दर: ८४
पोचण्याची_तारीख: आजपासून तिसरा दिवस
स्थिती: बुक झालं

दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून फरक काढा. दोन्हींत सारखं ते बहुधा स्थिर. रिक्वेस्टमधली किंमत जशीच्या तशी उत्तरात सापडली तर ती परत आलेली. रिक्वेस्ट तीच असूनही बदललेलं ते सर्व्हरने बनवलेलं किंवा काळाशी बांधलेलं. ‘बहुधा’ म्हणतोय ते मुद्दाम: वजन ७५० आणि विमा रक्कमही ७५० असा योगायोग असला तर दोन असंबंधित फील्ड एकमेकांना बांधली जातात. म्हणून रेकॉर्ड करताना प्रत्येक आकडा वेगळा आणि बेढब निवडा. ७५० ऐवजी ७४३ ग्रॅम.

परत येणारं फील्ड टेम्प्लेटने भरायचं. वायरमॉक ३ मध्ये ही सोय अंगभूत आहे: रिक्वेस्टच्या बॉडीतून जेसॉनपाथने (फील्डचा पत्ता सांगून) ऑर्डर नंबर उचल आणि इथे ठेव, एवढं सांगायचं. फक्त त्या स्टबवर (ठरवून ठेवलेल्या नकली उत्तरावर) टेम्प्लेटिंगचा ट्रान्सफॉर्मर लावायला विसरू नका, नाहीतर टेम्प्लेटच्या खुणेचे महिरपी कंस जसेच्या तसे उत्तरात जातात.

तारखा आजपासूनच्या अंतरात लिहा. रेकॉर्डिंगच्या क्षणापासून पोचण्याची तारीख किती दूर होती ते मोजा आणि ‘आत्ता अधिक तीन दिवस’ असं ठेवा. टोकनची मुदतही तशीच. हे विसरल्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळ्या टेस्ट पडणं ही नवशिक्यांची ठरलेली पायरी आहे. सर्व्हर यूटीसी देतो की भारतीय वेळ, म्हणजे अधिक ५ तास ३० मिनिटं, हे मूळ उत्तरात होतं तसंच ठेवा.

डॉकेट नंबर हा सर्व्हरने बनवलेला प्रकार. यादृच्छिक आकडे टाकून चालेलच असं नाही, कारण अनेक क्रमांकांत तपासणी अंक असतो. वरचा नमुना टपाल खात्यांच्या आंतरराष्ट्रीय एस१० रचनेतला आहे: दोन अक्षरं, आठ अंक, एक तपासणी अंक, दोन अक्षरी देश. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. १० आलं तर ०, ११ आलं तर ५. ४७३१२४८२ ची बेरीज २०० येते, बाकी २, म्हणून तपासणी अंक ९. नकली सेवेने ०००००००१ असा आठ अंकी अनुक्रम दिला तर बेरीज ७, तपासणी अंक ४. असे शंभर क्रमांक आधीच काढून फाइलमध्ये ठेवले तरी पुरतं. त्यासाठी वायरमॉकचं एक्स्टेन्शन लिहायची गरज नाही.

दर हे फील्ड या चार जातींत बसत नाही. ते हिशेबाने येतं. बऱ्याच कुरियर कंपन्या सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात आणि ते किलो व खरं वजन यांतलं मोठं धरतात. रेकॉर्डिंगमधून असलं सूत्र आपोआप निघत नाही. माझं मत: टेस्टला लागणाऱ्या पाच-सहा जोड्या रेकॉर्ड करून तक्त्यासारख्या ठेवा. सूत्र नकली सेवेत पुन्हा लिहिलंत तर तुम्ही कुरियर कंपनीचा प्रोग्रॅम सांभाळायला घेतलात.

कोणत्या रिक्वेस्टला कोणतं उत्तर

जुळवणी फार कडक ठेवली तर काहीच जुळत नाही, फार सैल ठेवली तर चुकीची रिक्वेस्टही पास होते. टाइमस्टँप, नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा), दर वेळी बदलणारी इडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट दोनदा धरू नये म्हणून लावलेली खूण), युजर-एजंट (क्लायंटचं नाव), मल्टिपार्टची (अनेक भागांच्या बॉडीची) सीमारेषा हे सगळं जुळवणीतून वगळा. क्वेरीतल्या पॅरामीटरांचा क्रम धरू नका. जेसॉन बॉडी मजकूर म्हणून नव्हे, जेसॉन म्हणून तुलना करा, म्हणजे मोकळ्या जागा आणि फील्डचा क्रम आडवा येत नाही.

ऑथरायझेशन हेडरची किंमत तपासू नका, पण तो आहे की नाही हे जरूर तपासा. टोकन न लावता गेलेल्या कॉलला नकली सेवेने ४०१ (ओळख पटली नाही) दिलं नाही, तर तो बग थेट प्रॉडक्शनमध्ये भेटतो.

सर्वांत शेवटी एक सगळं पकडणारा नियम सगळ्यात कमी प्राधान्याचा ठेवा: काहीच जुळलं नाही तर टेस्ट मोठ्याने पडली पाहिजे. वायरमॉकमध्ये आकडा जितका लहान तितकं प्राधान्य वरचं, आणि काही न सांगितल्यास ५ धरतात. न जुळलेली रिक्वेस्ट गुपचूप खऱ्या सेवेकडे पाठवणारा पर्याय बऱ्याच अवजारांत असतो. विकासाच्या काळात तो सोयीचा आहे, पण सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) बंद ठेवा.

तीच रिक्वेस्ट, वेगळं उत्तर

ट्रॅकिंगची रिक्वेस्ट दर वेळी सारखीच, उत्तर मात्र ‘बुक झालं’, ‘उचललं’, ‘वाटेत’, ‘पोचलं’ असं सरकतं. वायरमॉकचा रेकॉर्डर सारख्याच रिक्वेस्ट पुन्हा दिसल्या की त्यांची क्रमवार साखळी आपणहून बनवतो. शेवटच्या पायरीवर पोचल्यावर तेच उत्तर येत राहतं, आणि पुढची टेस्ट सुरू होण्याआधी साखळी पूर्ववत करावी लागते.

अडचण दोन टेस्ट एकाच वेळी धावू लागल्या की येते. साखळीची स्थिती सर्व्हरभर एकच असते, त्यामुळे एका टेस्टने विचारलं की दुसरीचं पार्सल पुढे सरकतं. कधी पडणारी, कधी न पडणारी टेस्ट म्हणतात ती इथून जन्माला येते. प्रत्येक टेस्टला वेगळ्या पोर्टवर वेगळी नकली सेवा देणं हा एक मार्ग. मला दुसरा जास्त आवडतो: स्थिती डॉकेट नंबरातच लपवा. आठ अंकांतला पहिला १ असेल तर ‘वाटेत’, २ असेल तर ‘पोचलं’, ९ असेल तर ‘पत्ता सापडला नाही, परत’. सर्व्हरला काही लक्षात ठेवावं लागत नाही आणि टेस्ट वाचणाऱ्याला डॉकेट बघूनच कळतं काय होणार आहे. बुकिंग ते पोच असा पूर्ण प्रवास तपासणाऱ्या मोजक्या टेस्टसाठीच साखळी ठेवा.

मजकुराची रचना माहीतच नसेल तेव्हा

मेनफ्रेमशी बोलणारा जुना बायनरी प्रोटोकॉल, कागदपत्रं गहाळ. अशा वेळी फील्ड ओळखायची कशी? मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सीए या सॉफ्टवेअर कंपनीबरोबर २०१३ च्या सुमारास यावर काम केलं. प्रथिनांच्या साखळ्या जुळवण्यासाठी १९७० मध्ये मांडलेला नीडलमन-वुन्श अल्गोरिदम त्यांनी बाइट जुळवायला वापरला. नवी रिक्वेस्ट आली की रेकॉर्डिंगमधली सर्वांत जवळची रिक्वेस्ट शोधायची, तिचं उत्तर घ्यायचं, त्या जुन्या जोडीत दोन्हीकडे समान असलेले तुकडे ओळखायचे आणि त्यांच्या जागी नव्या रिक्वेस्टमधले तुकडे बसवायचे.

हे घरी छोट्या पायथन प्रोग्रॅममध्ये करून बघता येतं. दोन ठिकाणी सांभाळा. फार लहान समान तुकडे योगायोगाने जुळतात, म्हणून किमान चार बाइटांची अट घाला. आणि ‘शोध’ व ‘काढून टाक’ या दोन रिक्वेस्टमध्ये फरक एक-दोन बाइटांचा, बाकी नावगाव सगळं सारखं. मग नुसतं अंतर मोजून भलत्याच क्रियेचं उत्तर निवडलं जातं. संशोधकांनी पुढे रिक्वेस्टचे गट पाडले आणि गटात जे बाइट स्थिर राहतात त्यांना जास्त वजन दिलं. आपल्याला क्रियेचा बाइट कुठे आहे एवढं जरी ठाऊक असलं तरी तो आधी तंतोतंत जुळवावा आणि उरलेल्यावरच अंतर मोजावं.

उशीर आणि बिघाड

युनिट टेस्टमध्ये उशीर शून्य ठेवा. लोड टेस्टमध्ये ठरावीक २०० मिलिसेकंद ठेवणं फसवं असतं, कारण खऱ्या सेवेची बहुतेक उत्तरं लवकर आणि थोडी फार उशिरा येतात; वायरमॉकचा लॉग-नॉर्मल उशीर त्याच्या जास्त जवळ जातो. रिट्राय-आफ्टर हेडरसकट ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या), ५०३ (सेवा उपलब्ध नाही), मधेच तुटलेलं कनेक्शन, रिकामं उत्तर, अर्धाच जेसॉन हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये क्वचितच सापडतं. यशस्वी उत्तराची प्रत काढून ते हाताने बनवा. बुकिंगचा कॉल टाइमआउट झाला पण बुकिंग प्रत्यक्षात झालं होतं, हा प्रसंग तर नक्की ठेवा. एकाच चपलेच्या जोडासाठी दोन पार्सलं निघतात ती यामुळे.

तपासणी

आधी नेट बंद करून सगळ्या टेस्ट चालवा. जे पडेल ते अजून बाहेर डोकावतंय.

मग बाजूला ठेवलेलं दुसरं रेकॉर्डिंग काढा. त्यातली प्रत्येक रिक्वेस्ट नकली सेवेला पाठवा आणि आलेलं उत्तर रेकॉर्ड केलेल्या उत्तराशी ताडा. किमती नव्हे, सांगाडा ताडा: स्टेटस कोड, फील्डची नावं, प्रकार, रिकामं येऊ शकणारं फील्ड. परत येणाऱ्या फील्डमध्ये मात्र किंमतही तीच हवी. जात चुकीची ठरवली असेल तर ती इथे उघडी पडते.

हीच तुलना खऱ्या टेस्ट सर्व्हरविरुद्ध आठवड्यातून एकदा रात्री आपोआप चालू द्या. हॉवरफ्लायमध्ये यासाठी डिफ नावाचा वेगळा मोड आहे. बाकीच्यांसाठी पन्नास ओळींची स्क्रिप्ट पुरते. या जॉबने बिल्ड थांबवू नका, कारण समोरचा सर्व्हर बंद असेल तर तुमची चूक नाही. फक्त टीमच्या चॅनलवर संदेश टाकू द्या: ‘ट्रॅकिंगच्या उत्तरात “हब_कोड” हे नवीन फील्ड आलं’, ‘दर आता आकडा नसून मजकूर येतोय’. पहिला संदेश वाचून सोडून देता येतो. दुसरा आला तर त्याच दिवशी तो कॉल पुन्हा रेकॉर्ड करा, आणि फील्डच्या जातींची फाइल हाताने लिहिलेली वेगळी ठेवा, म्हणजे नवं रेकॉर्डिंग आलं तरी ती पुसली जात नाही.